वगैरे नावाचं कुळ

संग्रहालयाच्या नव्या संचालकांना पक्षी आवडत, पण परके. रुजू झाल्या झाल्या त्यांनी पक्षीदालनात फेरी मारली आणि दाराजवळच्या कपाटापुढे नाक मुरडलं. त्यात कावळा, साळुंकी, चिमणी असली रोजची मंडळी पेंढा भरून बसवलेली. कावळे वगैरे बघायला तिकीट कोण काढतं, असा त्यांचा सवाल. कपाट तळघरात जाईल आणि त्या जागी रंगीत पंखांची एक प्लास्टिकची भिंत येईल, असं ठरलं. लोक तिच्यापुढे उभे राहून स्वतःचे फोटो काढतील. पक्ष्याची गरजच उरणार नाही.

दालन सांभाळणाऱ्या बाईंना हे शिपायाकडून कळलं. निवृत्तीला टेकलेल्या, अंगाने मूठभर. तळघराच्या भिंतींना कायम पाझर, आणि पेंढ्याच्या पक्ष्याला ओल म्हणजे दुसरं मरण. वर्षभरात पिसं झडून नुसती तार उरली असती. बाईंनी तसं जाऊन सांगितलं. संचालक म्हणाले, बघू. साहेबलोक ‘बघू’ म्हणतात तेव्हा डोळे मिटलेले असतात, हे बाईंना नोकरीच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं.

मुकादम माणसं घेऊन आला तेव्हा बाई कपाटाला पाठ लावून स्टुलावर बसल्या होत्या. त्याने बाजूला व्हायला सांगितलं.

“होते की. पण ओळखपाळख नसताना कुणाला असं उचलून नेतात का? आधी कोण आहेत ते तरी बघा.”

मुकादम सभ्य माणूस. तिथेच फसला.

बाईंनी कावळ्यापासून धरलं. शेजारचा तांबूस, लांब शेपटीचा टकाचोर हा त्याच्याच कुळातला. दिसायला राजबिंडा, पण दुसऱ्याच्या घरट्यातली अंडी पळवून घराण्याचं नाव राखणारा. भारद्वाज कावळ्यासारखा दिसतो म्हणून त्याला तिकडे ढकलू नका, तो कोकिळेच्या भावकीतला. फक्त आपलं घरटं आपण बांधतो, त्यामुळे भावकीत वेडा ठरत असणार. आणि कोकिळांत कुहू कुहू करतो तो काळा नर. ही ठिपक्याठिपक्यांची मादी गात नाही, नुसती किक् किक् करते. हे ऐकून एक हमाल खालीच बसला.

“आमच्याकडे दोन्ही तीच करते,” तो म्हणाला.

बाई दुभागल्या शेपटीच्या एका काळ्या पक्ष्यापाशी आल्या. हा कोतवाल. रंगावर जाऊ नका, कावळ्याचा हा कुणी लागत नाही, याचं कुळ वेगळं. जीव एवढासा, पण घरट्याजवळ घार आली तरी तिच्या पाठीवर झेपावतो. म्हणून बाकीची लहान पाखरं त्याच्याच झाडाचा आसरा धरतात.

तेवढ्यात संचालक आले. कपाट अजून इथेच कसं, असं त्यांनी विचारलं.

“ओळख चाललीय साहेब,” मुकादम म्हणाला. “कोतवालापर्यंत आलोय.”

“बाई, हे कपाट आज तळघरात जाणार.”

“नाही जाणार,” बाई बसल्या जागेवरूनच म्हणाल्या. “हवं तर मला पाठवा तळघरात. मी पेंढ्याची नाही, ओल सोसेन.”

“तुमच्यावर कारवाई होईल.”

“होऊ दे. फक्त कारण नीट लिहा. ‘कावळे वगैरे’ लिहू नका. वगैरे नावाचं कुळ नाही.”

संचालकांनी मुकादमाला कपाट उचलायचा हुकूम सोडला. मुकादमाने कपाटाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि कानामागे खाजवलं.

“ओलीत माल टाकायचा नाही, असा आमच्या धंद्याचा नियम आहे साहेब. उद्या बुरशी चढली की लोक हमालाच्या नावाने बोंबलतात.”

संचालक पाय आपटत गेले, बहुधा कारण लिहायला. व्हरांड्यात आणून ठेवलेली प्लास्टिकची भिंत तिथेच राहिली, पंख भिंतीकडे करून. मुकादम मात्र जायचं नाव घेईना.

बाईंनी स्टूल थोडं सरकवून त्याला जागा करून दिली.

“हं,” त्या म्हणाल्या, “चिमणी राहिली.”