अरासेलीला दिलेलं चाक

इथले लोक बोलायला फार गोड. शिवी देतील तीसुद्धा 'तुम्ही' म्हणून. सोगामोसोच्या चौकात मी पहिल्यांदा सायकल घेऊन उभी राहिले, तेव्हा एक म्हातारा सायकलवाला नाक चिमटीत धरून म्हणाला, "अहो बाई, तुम्ही जरा मागे सरकता का? तुमच्या कांद्याने आमचे डोळे भरून आले." सगळे खो खो हसले. मीही हसले. आमच्याकडे, तिकडे व्हेनेझुएलात, एवढ्यावर मी त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. पण परक्या मुलखात जीभ दातांखाली धरून बसावं लागतं.

वास येत होता हे मात्र खरं. घाटापलीकडे तळ्याकाठी आकितानिया गाव आहे, तिथे मी आठवडाभर पातीचा कांदा सोलते. पाटीपाशी बसायचं, वरची साल ओढायची, जुडी बांधायची. कितीही साबण लावा, बोटांचा वास जात नाही. आणि ह्याच बोटांनी मी कधी काळी शर्यतीत हँडल धरलं होतं, आमच्या ताचिराच्या घाटांत भल्याभल्यांना मागे टाकलं होतं. मग तिकडे संघ बुडाला, पाठोपाठ सगळंच बुडालं, आणि सायकल खांद्यावर टाकून मी सरहद्दीवरचा पूल ओलांडून ह्या देशात आले.

रविवारचा सराव डॉन एलिएसेर घ्यायचे; 'डॉन' हे इथलं मानाचं बोलावणं. पोट सुटलेले, घोंगडी पांघरलेले, मागून गाडी हाकत येणारे. सरावाला कुणीही यावं, पण त्यांच्या बायकांच्या संघात एकच जर्सी शिल्लक होती. जर्सी मिळाली की राहायला खोली, दोन वेळचं जेवण आणि शर्यतीत नाव. म्हणजे मी पुन्हा सायकलवाली. नाही मिळाली तर जन्मभर कांदेवाली. इतका सरळ हिशोब होता.

त्या रविवारी चौकात डॉन एलिएसेर गाडीच्या पायरीवर चढून म्हणाले, "आज वर, एल क्रुसेरोच्या खिंडीत, जर्सी देऊन टाकणार. पण ऐकून ठेवा, मी पाय बघत नाही, मन बघतो. अरासेली आपली राणी आहे. तिच्यासाठी जी राबेल, ती आपली."

अरासेली संघाची म्होरकी. उंच, अबोल, घाटात हरणासारखी पळणारी. जर्सीवर डोळा ठेवून होतो आम्ही दोघीच, मी आणि लिसेथ. लिसेथ त्यांच्याच गल्लीतली, गोबरे गाल, सदा हसणं. पोरगी वाईट नव्हती हो. वाईट असती तर मला बरं झालं असतं, निदान मनसोक्त राग तरी करता आला असता.

सपाट रस्त्यावर वारा समोरून झोडपत होता. अशा वेळी आळीपाळीने पुढे व्हायचं असतं, मागच्यांना तेवढाच आडोसा. मी पुढे झाले ती झालेच. मागून कुणी 'आता या मागे' म्हणेना, आणि मीही मान वळवेना. म्हटलं, बघू द्या मन. म्हातारा मागून ओरडला, "वेनेका, तुम्ही तर भिंतच झालात की! कांद्याची भिंत!" वेनेका हे आम्हा लोकांना ठेवलेलं नाव. त्यात प्रेम किती आणि थुंकी किती, हे म्हणणाऱ्याच्या तोंडाकडे बघून ठरवायचं. मी बघितलंच नाही.

घाट लागला तसा घोळका विरत गेला. वरच्या वळणांवर आम्ही तिघीच उरलो. माझे पाय छान चालले होते, खोटं कशाला सांगू. लिसेथचा श्वास भात्यासारखा वाजत होता. दोन वळणं अजून ओढली असती तर ती सुटली असती, हे तिला कळत होतं आणि मलाही.

तेवढ्यात अरासेलीचं मागचं चाक फुस्स झालं. सुटी चाकं होती डॉन एलिएसेरच्या गाडीत, आणि गाडी मागे रेंगाळणाऱ्या पुरुषांच्या घोळक्यात अडकलेली. अरासेलीने कुणाकडे न बघता हात वर केला आणि म्हणाली, "चाक!"

लिसेथने मान खाली घातली. माझ्या हातांनी ब्रेक कधी दाबले ते मलाच कळलं नाही. आमच्याकडे ह्याला विचार लागत नाही. म्होरकीला चाक दिलं की तुमची शर्यत संपली, पण त्या संध्याकाळी पहिलं ताट तुम्हाला वाढतात, म्होरकी स्वतः वाढते, आणि तुम्ही घास घेईपर्यंत कुणी चमचा उचलत नाही. लहानपणापासून मी हेच बघत आले. माझं चाक काढून मी तिला बसवून दिलं, वर पाठीला हात लावून ढकललं.

"देव फेडील तुमचं," ती म्हणाली. इथे आभार असेच मानतात. आपण काही फेडायचं नाही, सगळं देवाच्या अंगावर ढकलायचं.

दोघी निघून गेल्या. माझ्या हातात तिचं फुटकं चाक. महागातलं, टायर डिंकाने चिकटवलेला, रस्त्यात पंक्चर काढायची सोयच नाही. थोड्या वेळाने गाडी आली. डॉन एलिएसेरनी काच खाली केली.

"काय झालं?"

"अरासेलीला चाक दिलं."

"शाब्बास! याला म्हणतात काळीज!"

"गाडीतलं एखादं चाक द्याल का?"

"अहो, आणि पुढे तिला परत लागलं तर?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच अडाणी. गाडी गेली.

मी चालत निघाले. पॅडलमध्ये अडकवायच्या त्या कडक बुटांत चालणं म्हणजे बदकाची चाल. पुरुष एकेक करून पुढे जात होते, पण खरं सांगते, मला वाईट वाटत नव्हतं. काळीज म्हणाले ना ते! मन बघतो म्हणाले होते, आता बघितलं. चढता चढता मी जर्सी घालूनही पाहिली, घरी फोन करून आईला सांगूनही टाकलं. सगळं मनातल्या मनात.

खिंडीच्या शेवटच्या वळणावर आले आणि टाळ्या सुरू झाल्या. सगळा घोळका रस्त्याच्या कडेला उभा, गरम गुळाच्या पाण्याचे पेले खाली ठेवून माझ्यासाठी टाळ्या वाजवतोय! म्हातारा तर शिट्ट्या मारत होता. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. मी हात वर केले. हो, जिंकल्यासारखे दोन्ही हात वर केले, सायकल पडली तरी.

मग लिसेथ दिसली. निळी जर्सी तिच्या अंगात होती, घडीच्या रेघासुद्धा मोडल्या नव्हत्या.

"ह्या टाळ्या?" मी म्हाताऱ्याला विचारलं.

"शेवटच्या माणसाला वाजवतोच आम्ही, बाई. तुम्हाला माहीत नाही? तो आल्याशिवाय कुणी खिंड उतरत नाही."

मी तशीच डॉन एलिएसेरसमोर गेले. "तुम्ही म्हणाला होतात, राबेल ती आपली."

"आणि तुम्ही आपल्याच आहात हो! पण मला खिंडीपर्यंत अरासेलीसोबत टिकणारी हवी. लिसेथ टिकली. तुम्ही थांबलात."

"तिला चाक द्यायला थांबले!"

"तेच म्हणतो. मन मोठं आहे तुमचं. तुम्ही समजून घ्याल."

गरज सरो, वैद्य मरो. मी अरासेलीच्या सायकलपाशी गेले, खाली बसले, माझं चाक ज्याने सुटतं त्या खटक्यावर हात ठेवला. माझं चाक, मी माझ्या हाताने तारा ताणलेलं. अरासेली पेल्यात बघत राहिली. लिसेथ तेवढी रडवेली होऊन म्हणाली, "अहो, मला नव्हतं हो माहीत..." माहीत नव्हतं म्हणे! तिला एक लगावून द्यावीशी वाटली, आणि मिठीही मारावीशी वाटली.

डॉन एलिएसेर माझ्या शेजारी उकिडवे बसले. आवाज अगदी मऊ. "असू द्या आज. तिला सोगामोसोपर्यंत उतरायचंय, तुम्हाला काय, तळं इथेच तर आहे खाली. पुढच्या रविवारी या. अजून एक जर्सी शिवायला टाकतोय."

कोपराला गूळ लावत होते. मला कळत होतं, आजूबाजूच्या सगळ्यांनाही कळत होतं, म्हातारासुद्धा दुसरीकडे बघायला लागला. जर्सी कुठली आणि शिवणार कोण! एवढं सगळं कळत असताना मी चाकावरचा हात काढून घेतला. सायकल ढकलत तळ्याकडे उतरले, आणि वाटेत डॉन एलिएसेरना नाही, स्वतःलाच शिव्या घातल्या, 'तू' म्हणून, आमच्याकडच्या.

पुढच्या रविवारी पहाटे कांद्याच्या ट्रकात ती फुटक्या चाकाची सायकल टाकून मी निघाले. सगळ्यांच्या आधी चौकात हजर होते.