घसरणारा उपग्रह वेळेआधी येतो

एकतीस वर्षं बसस्थानकाच्या नियंत्रकाची खुर्ची उबवली की माणसाची एका गोष्टीवर श्रद्धा बसते: गाडी किती उशिरा आली हे कळावं म्हणून वेळापत्रक छापतात. त्यामुळे मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, वेळ पाच बाराची आहे, पण पावणेपाचपासून गच्चीवर थांबा, तो लवकर येईल," तेव्हा हे निवृत्त नियंत्रक नुसते हसले.

तो म्हणजे मुलीच्या कंपनीने सोडलेला, चपलांच्या खोक्याएवढा उपग्रह. दोन वर्षं निमूट घिरट्या घालून आता खाली घसरत होता आणि आजच जळून जायचा होता. शेवटच्या फेऱ्याखाली जवळजवळ सगळा समुद्रच होता. जी काही चार बोटं जमीन होती, तिच्यावर नेमकं आईबापाचं घर. आतली बॅटरी मुलीने बनवलेली. साहेबांचं म्हणणं, उपग्रह तापायला लागला की ती मान टाकणार. मुलगी म्हणत होती, शेवटपर्यंत टिकणार. अखेरचा संदेश पकडला तर पुढच्या उपग्रहात हिची बॅटरी, नाहीतर साहेबांची.

"अगं, त्याला हवेचा ब्रेक लागलाय ना?"

"लागलाय."

"मग ब्रेक लागलेली गाडी लवकर कशी येईल?"

"खाली आला की फेरा लहान होतो, बाबा. वेगही वाढतो."

"उद्या म्हणशील, पंक्चर झालेली गाडी सगळ्यांच्या आधी पोचते."

"बाबा! अँटेना आकाशाकडे धरा, पिप ऐकू आलं की रेकॉर्डरचं लाल बटण दाबा. बास."

फोन स्पीकरवर होता. शेजारी नियंत्रकीणबाई सदऱ्याला गुंडी लावत बसल्या होत्या. लवकर का येणार, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. लाल बटण तेवढं लक्षात राहिलं.

साडेचारला नियंत्रकांनी गच्चीवर अँटेना उभा केला. प्लॅस्टिकच्या नळीवर पोलादी मोजपट्टीचे तुकडे बसवलेले. एकूण थाट खाऊन झालेल्या माशाचा. रेडिओ खरखरू लागला. पाच बारा म्हणजे साडेपाच धरू, असा अनुभवी हिशेब करून ते चहा प्यायला खाली उतरले.

पाचला बाई वाळलेले कपडे काढायला वर गेल्या. अँटेनात चादर अडकली होती. तो उचलून बाजूला ठेवायला जातात, तोच खरखरीतून आवाज आला, "पिप."

बाईंनी लाल बटण दाबलं. मग जिकडे आवाज मोठा, तिकडे माशाचं तोंड. कानाशी गुणगुणणाऱ्या डासाच्या मागे फिरावं तशा त्या एका कठड्यापासून दुसऱ्या कठड्यापर्यंत वळत गेल्या.

"अहो! वर या! आलंय!"

"कोण आलंय?" खालून दुसऱ्या कपातून प्रश्न आला.

"तुमच्या लेकीचं!"

"आत्ता? अजून अकरा मिनिटं आहेत!"

धापा टाकत ते वर पोचले तेव्हा नुसती खरखर उरली होती. "गेलं," बाई म्हणाल्या. नियंत्रकांनी त्यांना घड्याळ दाखवलं. चेहरा मात्र गाडी चुकलेल्या उतारूचा होता. असे चेहरे त्यांनी खिडकीच्या आतून हजारो पाहिले होते. बाहेर उभं राहण्याची ही पहिलीच वेळ.

रेकॉर्डिंग मुलीला पाठवलं. तासाभराने तिचा फोन आला. "आई, अख्खा संदेश मिळाला! बॅटरी ठणठणीत होती गं! नंतर जळाला तो, समुद्रावर."

"मग आवाज का पडलाय तुझा?"

"तू त्याच्याशी बोलत होतीस?"

"एकटाच चालला होता बिचारा. जरा धीर दिला."

"बाकीची खरखर निघाली. तू काही निघत नाहीस. आणि उद्या हे साहेबांसमोर वाजवायचंय."

दुसऱ्या दिवशी बैठकीत ते वाजलं. पिप. मागोमाग बाईंचा खणखणीत आवाज: "चल रे राजा, दम धर. त्या टकल्याला दाखवून दे!" पिप.

अकरा माणसांना एकदम आपापल्या पेनात रस निर्माण झाला. मुलीने टेबलाखाली शिरता येईल का, याचा अंदाज घेतला. साहेबांनी डोक्यावरून हात फिरवला. वाटेत काही अडलं नाही.

"परत लावा."

"सगळं, सर?"

"सगळं."

दुसऱ्यांदा ऐकून ते उठले, फळ्यावरचं स्वतःच्या बॅटरीचं नाव पुसलं आणि तिथे मुलीच्या बॅटरीचं लिहिलं.

"आईंना कळवा," ते म्हणाले, "दाखवलं त्याने."