भर दुपारी बंद दुकान

शिंपीणबाईंनी आठवडाभर डोकं खाजवून दुकानाचं वेबपेज स्वतः लिहिलं. वेळ बघून दुकान उघडं की बंद, हे पेजनेच सांगायचं. भर दुपारी मशीनवर बसल्या बसल्या मोबाईलवर पाहिलं, तर ‘दुकान बंद आहे’. कोड पुन्हा वाचला, भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, दोन्ही ठीक. डोक्याचा पार भुगा झाला. शेवटी कॉम्प्युटर शिकवणाऱ्या थोरल्या जावेला फोन लावला.

“अगं, पेज तुझ्या मोबाईलवर नाही, सर्व्हरवर तयार होतं,” जाऊ म्हणाली. “तो सातासमुद्रापार. तिथे आत्ता मध्यरात्र.”

“पण ताई, दुकान तर इथे आहे ना?”

तेवढ्यात धाडकन शटर खाली आलं. बाहेर नवऱ्याने पेज वाचलं होतं, आणि बायकोने लिहिलेलं खोटं मानायची त्याची आजवर छाती झाली नव्हती.