माझ्या जागी आलेल्या चिमुरड्या सनदा

मी एक जुनी सनद आहे. शेळगावच्या गोजरबाईंचं डाळिंबाचं दुकान इंटरनेटवर आहे, त्या दुकानाची. शिकलेली माणसं मला सिक्युरिटी सर्टिफिकेट म्हणतात. हे दुकान ज्याच्या नावाचं, त्याचंच आहे आणि इथलं बोलणं मधे कुणी चोरून ऐकणार नाही, अशी ग्वाही मी गिऱ्हाइकाच्या मोबाईलला देत असे.

मित्रांनो, माझा जन्म थाटात झाला. सनद देणाऱ्यांनी गोजरबाईंच्या सुनेला, सोनमला कळवलं, की नाव तुमचं असेल तर आम्ही देतो ती अक्षरं डीएनएसमध्ये लिहून दाखवा. डीएनएस म्हणजे दुकानाच्या नावाचा उंबरा समजा. ज्याचं घर, त्याचीच त्या उंबऱ्यावर रांगोळी! सोनमनं त्या अक्षरांची नक्षी बरोबर काढली, त्यांनी लांबूनच पाहिली आणि मला धाडलं. वर्षभर मिरवले मी. बारामतीची गिऱ्हाइकं माझ्याच भरवशावर पेट्या मागवत.

माझी मुदत भरत आली ती नेमकी पितृपंधरवड्यात. सोनम नवी सनद काढायला बसली, तर सासूबाई कडाडल्या, “पंधरवड्यात नवं काय घ्यायचं न्हाय!”

“आत्या, नवं न्हाय वो. हाय तेच पुढं चालू करायचं.”

“नवा जन्म, नवी तारीख, आन म्हणं हाय तेच! मला शिकीवतीस व्हय?”

खरं सांगते, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. माझ्या जागी दुसरी येणार नव्हती ना! पण मुदत कुणाच्या सासूला भीत नाही. एका सकाळी मी संपले आणि दुकानाच्या दारात लाल पाटी लागली. मागणी थांबली. नवरात्राच्या उपासासाठी तोडलेली डाळिंबं शेडमध्ये सुकायला लागली. तेवढ्यात बारामतीहून छबूबाईंचा फोन आला, “गोजरबाई, मोबाईल म्हणतोय तुमच्या दुकानात जाऊ नगा, चोर असतील तितं.”

“चोर? माझ्या दारात?” गोजरबाईंनी अडकित्ता आपटला. “सोनम, काढ गं ती सनद. पितर माझे हायत, त्यांचं मी बघती.”

सोनमनं लगेच नवी सनद काढली, पेट्या वेळेत गेल्या. पण सोनम तेवढ्यावर थांबली नाही. तिनं एक छोटा प्रोग्रॅम बसवला आणि त्याच्या हाती उंबऱ्यापुरती किल्ली दिली, आख्ख्या घराची नव्हे. आता मुदत संपायच्या आधीच तो नक्षी मागून घेतो, रांगोळी काढतो, सनद आणतो आणि रांगोळी पुसून टाकतो.

मी पडले जुन्या फोल्डरात. आणि या चिमुरड्या! जेमतेम तीन महिन्यांचं आयुष्य. एक उठते, दुसरी बसते. ना थाट, ना वाट पाहणं. कोण आली, कोण गेली कळतसुद्धा नाही, तरी दुकान त्यांचं! जीव जळतो माझा. औंदा तर भर पंधरवड्यात त्यांतलीच एक ठमाबाई आत शिरली. गोजरबाईंनी विचारलं, “नवं काय घेतलं न्हाईस ना गं?”

“मी न्हाय घेतलं, आत्या,” सोनम म्हणाली. खोटं नाही बोलली पोरगी.

मित्रांनो, अशी सोय तुम्हीही जरूर करा. पण एकदा कामाला लावलं म्हणून तिला वाऱ्यावर सोडू नका. किल्ली बदलली, उंबरा दुसरीकडे हलवला, तर तो प्रोग्रॅम मुकाट्यानं बंद पडतो. अधूनमधून डोकावून बघत जा. आणि बघाल तेव्हा त्या चिमुरडीचं फार कौतुक करू नका. मी इथंच आहे, मला ऐकू येतं.