काकूंचा नियम

दवाखान्याच्या वायफायवर रुग्ण कुठल्या आजाराची वेबसाइट उघडतात, हे वाटेत कोणालाही वाचता येत होतं, कारण वेबसाइटचं नाव देऊन तिचा पत्ता विचारणारा प्रत्येक प्रश्न उघड्यावर जायचा. धाकटीने महिनाभर खपून हे प्रश्न वेबच्या कुलूपबंद वाटेने पाठवायची सोय केली. बत्तीस वर्षांची होऊनही संगणक विभागात ती धाकटीच होती. सोय नामी, पण अशी रेंगाळायची की माणसाने वैतागून मोबाइल खिशात टाकावा. "चारपर्यंत वेग आला नाही तर बंद करा," असं सांगून दवाखान्याचे साहेब गेले.

एक चूक तिची तिलाच सापडली. दर प्रश्नाला ती नवं कनेक्शन उघडत होती. आता एकाच कनेक्शनवरून सगळे प्रश्न जाऊ लागले, तरी वेग म्हणावा तसा येईना. एकदा मिळालेलं उत्तर सर्व्हरने जपून ठेवायचं, तर तो पठ्ठ्या तेच विचारायला पुन्हा पुन्हा बाहेर धावत होता.

साडेतीनला तिने काकूंना गाठलं आणि स्वतःच्या चुकीसकट सगळं सांगितलं. काकू विभागाच्या प्रमुख. सगळी कामं त्यांच्याच नियमावलीने चालत, आणि त्या नियमांत खोट काढायची कोणाची छाती नव्हती.

काकूंनी चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीनला नाक लावलं. "हे दोन्ही प्रश्न एकाच वेबसाइटचे ना? मग प्रश्नाच्या सुरुवातीला लावलेला हा आकडा वेगळा का?"

"दर प्रश्नाला नवा आकडा. नियम आहे आपला."

"कोणी केला?"

धाकटी चाचरली. "तुम्हीच."

"उघड्यावर प्रश्न जायचे तेव्हा कोणी खोटं उत्तर घुसडू नये म्हणून केला होता. कुलपाच्या आत कोण घुसडणार? आकडा बदलला की सर्व्हरला तोच प्रश्न नवा वाटतो. सरसकट शून्य घाल."

तिने शून्य घातलं. आता उत्तरं विचारताक्षणी येऊ लागली. इतकी वर्षं सगळ्यांनी पाळलेला स्वतःचा नियम या बाईंनी मिनिटात मोडीत काढला होता. धाकटीला त्यांचं भारी कौतुक वाटलं.

चारला साहेब आले. "काय घोळ होता?"

धाकटी बोलणार, तोच काकू म्हणाल्या, "माझा जुना नियम आड येत होता. हिचं काम पहिल्यापासून बरोबर होतं."

पहिल्यापासून नव्हतं, हे दोघींना ठाऊक होतं. साहेब गेल्यावर काकूंनी नियमावलीतली ती ओळ खोडली आणि पेन धाकटीपुढे धरलं.

"नवा नियम तू लिही. खाली सही तुझीच कर."