वजा एक

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. गाण्यांची नव्हे, मापाची. तुमच्याही घरात एखाद्या खणात माझी एखादी बहीण पडलेली असेल. पिवळी पोलादी पट्टी, तिच्यावर काळे आकडे आणि पोटात गुंडाळलेली स्प्रिंग. ही स्प्रिंग कारखान्यात माझ्या पोटात बसवली, तेव्हापासून माझ्या जिवाला चैन म्हणून नाही. बाहेर ओढलं की कधी एकदा आत पळते असं होतं आणि आत पडून राहिलं की कधी कोण बाहेर ओढतंय याची वाट बघत बसते.

एका सुताराने मला दुकानातून आणलं आणि कमरेच्या पट्ट्याला अडकवलं. दारं, खिडक्या, कपाटं, पलंग, किती मापं घेतली त्याची गणतीच नाही. एका इंचाचे आठ सूत, आणि माझा सुतार अर्ध्या सुतालाही माफ करत नसे. लोकांचं आपापसांत सहज सूत जुळतं म्हणे, आमच्याकडे त्यासाठी रंधा मारावा लागतो. "यांनी केलेलं दार कधी अडत नाही," असं गिऱ्हाइकं कौतुकाने म्हणत. त्यात थोडा वाटा माझाही होता, पण टेपचं कौतुक कोण करतो!

सुताराला एकच मुलगी. तिला घरात भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी कधी ठरतच नसे. पाच वर्षांची असताना तिने माझं टोक दाराच्या फटीत धरलं आणि जोरात दार लावलं. कट्ट आवाज झाला आणि माझा पहिला इंच तुटून पडला. आईने तिच्या पाठीत धपाटा घातला, ती भोकाड पसरून रडली, आणि मलाही वाटलं की आता आपली रवानगी भंगारात. पण सुताराने माझी तुटकी कड कानशीने घासली आणि म्हणाला, "रडू नकोस गं. आता एकापासून धरायचं आणि शेवटी एक वजा करायचा. झालं!"

त्या दिवसापासून "वजा एक" हा त्या घराचा मंत्रच झाला. दाराच्या चौकटीशी भिंगरीची उंची मोजताना तीच ओरडायची, "चव्वेचाळीस, वजा एक!" शाळेत वजाबाकी शिकवायच्या आधी तिला ती मी शिकवली होती. बरोबरचे कारागीर सुताराला हसत, "अरे, नवी घे की." तो नुसता मान हलवायचा. पुढे भिंगरी कॉलेजात गेली आणि तिने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

यंदा तिला पदवी मिळाली आणि पाठोपाठ नोकरीही. नोकरी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, जायला दोन बस आणि यायला दोन बस. तिच्या मैत्रिणीने तिकडेच एक खोली पाहिली होती आणि दोघींनी मिळून राहू असं ती म्हणत होती. घरमालकीण बाईंना शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. झालं, भिंगरीची घालमेल सुरू झाली. घर म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी गत. जेवायच्या टेबलापाशी बसून ती मला हातभर ओढायची आणि सोडून द्यायची. खर्रर्र, खट्. खर्रर्र, खट्.

"ती टेप खाली ठेव आधी," आई म्हणायची, "डोकं उठलं माझं. दोन बस बदलून काय जगात कुणी जात नाही?"

"मी कुठे काय म्हणाले?"

"म्हणत नाहीस, तेच तर."

सुतार मात्र पुढची भाकरी मागायचा.

आता एक गुपित सांगते. त्या आठवड्यात मला दोन माणसांनी एकमेकांच्या नकळत वापरलं. शनिवारी दुपारी सुतार मला घेऊन मागच्या सामानाच्या खोलीत गेला. तिथे त्याच्या फळ्या आणि जुन्या चौकटी रचलेल्या होत्या. त्याने भिंत मोजली, खिडकी मोजली आणि एका फळीवर पेन्सिलीने लिहिलं: पलंग इथे, पुस्तकं इथे. पोरीला स्वतःची खोली मिळाली तर ती कशाला जाईल, असा त्याचा साधा हिशोब होता. रविवारी भिंगरी मला पिशवीत घालून ती भाड्याची खोली बघायला गेली. मी सगळं जाणत होते, पण मला तोंड कुठे आहे? मला फक्त आकडे आहेत.

खोली उजेडाची होती. भिंतीत बसवलेलं एक कपाट, शेजारी खिडकी आणि मधे एका टेबलापुरती जागा. भिंगरीचं टेबल बापाने ती पाचवीत असताना केलेलं, बरोबर अठ्ठेचाळीस इंचांचं. मैत्रिणीला ती म्हणाली, "टेबल बसलं तर येते. नाही बसलं तर नाही."

"अगं, असं कुठे ठरवतात?"

"मी ठरवते."

तिने माझी एकाची खूण खिडकीच्या भिंतीला टेकवली आणि मला कपाटापर्यंत ओढलं. आकडा आला एकोणपन्नास. तिने कागदावर लिहिलं, 'खिडकी ते कपाट ४९. वजा १. राहिले ४८. टेबल ४८. बसत नाही.' सूतभरही जागा सुटत नव्हती. तिला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याच वेळी रडूही आलं. मला ते कळलं, कारण तिचा घामेजलेला हात माझ्यावर होता. कागद घडी करून तिने माझ्या मागच्या क्लिपखाली खोचला आणि तिथेच विसरली.

सोमवारी सकाळी सुताराने मला कमरेला लावायला उचललं आणि कागद खाली पडला. त्याने वाचला. 'वजा १' या अक्षरांवर त्याचा अंगठा बराच वेळ थांबला. मग तो मागच्या खोलीत जाऊन फळ्यांवर बसला. समोरच्या फळीवर त्याच्याच हाताने लिहिलेलं होतं: पलंग इथे, पुस्तकं इथे. त्याला वाईट वाटलं, मित्रांनो. तीन माणसांच्या घरातून एक वजा केला तर काय उरतं, ते मोजायला त्याला टेपची गरज नव्हती. त्या दिवशी तो कामावर उशिरा गेला.

बुधवारी भिंगरीने जेवताना सांगून टाकलं, "मी नाही जात. माझं टेबल तिथे बसत नाही."

आईने तिला आणखी भाजी वाढली. सुताराने मान वर न करता विचारलं, "टेबल बसत नाही म्हणून?"

"हो."

"आणि बसलं असतं तर?"

खर्रर्र, खट्.

गुरुवारी संध्याकाळी ती घरी आली तेव्हा तिच्या खुर्चीभोवती लाकडाचा भुसा पडला होता. टेबलावरची पुस्तकं पलंगावर रचलेली होती आणि टेबलाच्या फळीच्या दोन्ही कडा ताज्या, पांढऱ्या दिसत होत्या. सुताराने मला तिच्या हातात दिलं. "मोज," तो म्हणाला.

तिने मोजलं. "अठ्ठेचाळीस, सहा सूत... वजा एक. सत्तेचाळीस, सहा सूत."

"दोन्ही बाजूंनी एकेक सूत काढलं. आता बसेल."

भिंगरी टेबलाकडे बघत राहिली. "म्हणजे मी जाऊ?"

"ते टेबलाला काय विचारतेस? ते लाकूड आहे. तुला जायचंय का, ते सांग."

"जायचंय," ती म्हणाली. इतक्या दिवसांत हा शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदा बाहेर पडला. "पण बाबा, तुम्हाला वाईट वाटेल."

"वाटणारच. आईला तर माझ्याहून जास्त वाटेल. म्हणून काय आम्हाला बरं वाटावं यासाठी तुला इथे बसवून ठेवायचं?"

आई दारात उभी होती. ती पदराला हात पुसत म्हणाली, "बसवून ठेवून राहणार आहे का ही! पोटात स्प्रिंगच आहे हिच्या." आणि मग ती आत जाऊन रडली.

सामान टेम्पोत चढलं तेव्हा सुताराने मला भिंगरीच्या पिशवीत टाकलं. "पडदे लावायला लागेल," एवढंच म्हणाला. मला कमरेवरून उतरवताना त्याने मला एकदा पूर्ण ओढलं, फडक्याने पुसलं आणि हळूच आत जाऊ दिलं. खट् असा आवाजसुद्धा होऊ दिला नाही.

आता मी त्या उजेडाच्या खोलीत, त्याच टेबलावर असते. ते दोन्ही बाजूंना एकेक सूत सोडून झकास बसलंय. परवा आईचा फोन आला.

"तुझ्या बाबांनी काय केलं माहितीये? नवी टेप घेतली. चांगली, पहिल्या इंचासकट. दाराचं माप आलं तीस आणि यांनी कापलं एकोणतीस! सवयीने एक वजा केला. गिऱ्हाईक डोक्याला हात लावून बसलंय."

मागून सुताराचा आवाज आला, "अगं, तिला कशाला सांगतेस!"

भिंगरी हसली. खूप हसली आणि मग तिने डोळे पुसले.

"बाबा, मी रविवारी येते. दार बघू आपण."

"दाराचं झालं. पट्टी जोडली मी."

"तरी येते."

मग तो म्हणाला, "ये. येताना टेप आण."

मित्रांनो, मला ओल्या हाताने धरू नका, मी गंजते. वापरून झालं की पुसून आत जाऊ द्या, झटक्याने सोडू नका. आणि मापात कधीही न चुकणारा माणूस एखाद्या दिवशी चुकला, तर त्याला हसण्याआधी बघा, तो कुणाला तरी वजा करायला शिकत असेल.

रविवारला अजून दोन दिवस आहेत. भिंगरीने मला आजच पिशवीत टाकून ठेवलंय, आणि मला काही आत चैन पडत नाही.