चार सेकंद

म्हातारपणाचा अभ्यास करणाऱ्या आमच्या केंद्रात म्हाताऱ्यांची चाल यंत्राने मोजतात. चार मीटरला पाच सेकंदांहून जास्त लागले, की नाव लाल फायलीत. रोज सकाळी आधी मी चालते. माझे चार सेकंद भरले की यंत्र बरोबर, हे गेली वीस वर्षं चालू आहे.

या आठवड्यात रोज साडेपाच सेकंद येतायत. सेल बदलले, तारा हलवल्या, शेवटी वैतागून मेकॅनिकला बोलावलं. मी चालले, त्याने मनगटावरच्या घड्याळात वेळ मोजली.

"मॅडम, यंत्र ठीक आहे."

"पुन्हा बघा."

मी पुन्हा चालले, जरा रेटूनच. त्याने घड्याळ पाहिलं, मग माझ्या पायांकडे.

"यंत्र बिघडलंय असं लिहून देऊ का?" त्याने हळूच विचारलं.

मी त्याला पेन दिलं.